खान्देशात विहीर खोदताना निघणारे गोल दगड डायनासोरची अंडी असू शकतात का?

केळीबाग_रावेर:
रावेर, यावल, मुक्ताईनगर भागात विहीर किंवा शेततळं खोदताना नारळाएवढे गोल दगड निघतात आणि दोन दिवसांत त्यांचे फोटो ‘डायनासोरचं अंडं सापडलं’ म्हणून गावोगाव फिरतात. ज्यांना विषय माहीत आहे त्यांनी नीट सांगावं. हे दगड खरोखर काय असतात? अंडं असलंच तर घरच्या घरी ओळखायचं कसं? आणि आपल्या भागात डायनासोर होते का? असतील तर कोणत्या जातीचे, आणि ते जगायचे कसे? नुसतं ‘अफवा आहे’ म्हणून सोडू नका, कारणासहित लिहा.

खडकवाचक:
आधी दगडाचं बोलू.

खान्देशातला बहुतेक दगड बेसॉल्ट आहे, म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा वाहताना हजार अंशांच्या वर तापलेला असतो. त्यात सापडलेलं अंडं किंवा हाड शिल्लक राहत नाही. जीवाश्म टिकतो तो गाळाच्या खडकात: चिखल, वाळू, चुनखडी. त्यामुळे काळ्या पाषाणात सुरुंग लावल्यावर निघालेला गोल दगड अंडं नाही, हे तो हातात घेण्याआधीच सांगता येतं.

मग तो काय असतो? आपल्याकडे तीन गोष्टी निघतात.

पहिली, पोकळीत भरलेली गारगोटी. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे लाखो वर्षं खडकातून पाणी झिरपतं आणि त्या पोकळ्यांत अगेट, स्फटिक, कॅल्साइट, झिओलाइट साचतं. बाहेरून ओबडधोबड, हिरवट साल, आत चकाकणारे स्फटिक. जळगाव जिल्ह्यातले, विशेषतः सावद्याच्या खाणींमधले झिओलाइट आणि अ‍ॅपोफिलाइट जगभरातल्या संग्राहकांना माहीत आहेत. फोडल्यावर ‘अंड्यातलं बलक दगड झालं’ असं ज्याला लोक म्हणतात, ते हेच.

दुसरी, कांद्यासारखा सोलणारा दगड. बेसॉल्टला भेगा पडून चौकोनी ठोकळे होतात. पाणी कोपऱ्यांवर तीन बाजूंनी काम करतं म्हणून कोपरे आधी झिजतात आणि ठोकळा गोल होत जातो. बाहेर तांबूस मुरमाचे पापुद्रे, मध्ये काळा टणक गोळा. मुरमाच्या थरात विहीर उतरली की हे ओळीने दिसतात, आणि ओळीने दिसले की घरटं वाटतं.

तिसरी, कंकर. तापीच्या गाळात चुनखडीचे गोळे तयार होतात, पांढरट आणि गाठीगाठींचे. रावेर-यावलला काळ्या मातीखाली पिवळ्या गाळातून जे निघतं ते बहुतेक वेळा हेच असतं. हा गाळ अलीकडच्या हिमयुगांच्या काळातला आहे, डायनासोर संपल्यावर सहा कोटींहून अधिक वर्षांनी साचलेला.

गिरणाकाठ:
यावर एक साधी चाचणी आहे. अंड्याचं कवच कॅल्साइटचं असतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि फेस आला तर अंडं, नाही आला तर दगड. एवढं पुरे.

खडकवाचक:
गिरणाकाठ भाऊ, नेमकी इथेच चूक होते. फेस आला नाही तर अंडं बहुधा नाही, हे ठीक. पण फेस आला म्हणून अंडं होत नाही. कंकर जोरात फसफसतो. पोकळीतला कॅल्साइट फसफसतो. नर्मदेकडे ज्या खडकात खरी अंडी सापडतात, तो लॅमेटा चुनखडकसुद्धा फसफसतो. तिथे अंडं आणि भोवतीचा खडक दोन्हींवर फेस येतो.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम जागा पाहा: दगड बेसॉल्टमधून आला की मुरमातून, पिवळ्या गाळातून की चुनखडकातून. मग पोलादी पात्याने ओरखडा काढा. पातं घसरलं आणि ओरखडा उठला नाही तर स्फटिक किंवा अगेट, विषय संपला. ओरखडा उठला तर कड पाहा. अंड्याला कवच एकच असतं, सगळीकडे जवळपास सारख्या जाडीचं. टायटॅनोसॉरच्या (लांब मानेचा, चारा खाणारा प्रचंड डायनासोर) अंड्याचं कवच साधारण एक ते तीन मिलिमीटर. पापुद्र्यावर पापुद्रे दिसले तर झिजलेला बेसॉल्ट. मग दहापट भिंगातून कवचाचा पृष्ठभाग पाहा. खऱ्या कवचावर बारीक दाण्यांची दाट पेरणी असते, मोहरी चिकटवल्यासारखी. तुटलेल्या कडेवर आतून बाहेर पसरणारे पंखे शेजारी शेजारी उभे दिसतात. शेवटचा निकाल पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच लागतो.

आम्लाबद्दल एक सूचना. बाजारात फरशी धुवायला मिळणारं आम्ल तीव्र असतं. ते थेट वापरू नका. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी ओतायचं नाही, दहा टक्क्यांच्या आसपास पातळ करायचं, डोळ्यांना चष्मा लावायचा. आणि थेंब दगडाच्या मागच्या बाजूला टाकायचा, कवचावर नाही. आम्लाने बारीक दाण्यांची नक्षी कायमची जाते आणि तीच ओळखीची खूण असते.

पांझराकाठ:
भाऊ, इतलं सम्दं वाचं, पन येकच सांगा. आमना खान्देशमा डायनासोर व्हतात का नई?

सातपुडा_पल्याड:
पांझराकाठ भाऊ, होते असं मानायला भक्कम जागा आहे. हाड मात्र हातात नाही. कारण ज्या जमिनीवर ते चालले ती लाव्हाखाली गाडली गेली. आपण छपरावर राहतो, घर खाली आहे. नर्मदा-तापी पट्ट्यात बेसॉल्टखाली डायनासोरांच्या काळातले गाळाचे थर असल्याचं भूभौतिक सर्वेक्षणांत दिसलं आहे, पण तिथवर कुदळ पोचत नाही.

सातपुडा ओलांडून नर्मदेपलीकडे गेलं की लाव्हाचं छप्पर झिजून खालची जमीन उघडी पडली आहे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाग-कुक्षी भागात टायटॅनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली. तो शोधनिबंध २०२३ च्या जानेवारीत आला. अंड्यांचा व्यास साधारण १५ ते १७ सेंटिमीटर, एका घरट्यात एक ते वीस अंडी. कवचांच्या रचनेवरून अंड्यांचे सहा प्रकार वेगळे काढले आहेत, म्हणजे एकाच प्रदेशात अनेक जातींचे टायटॅनोसॉर अंडी घालायला येत असावेत.

त्याच भागात पाडल्या गावच्या परिसरात शेतात सापडलेले गोल दगड लोक काकड भैरव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत होते, शेताची आणि गुरांची राखण करणारा देव म्हणून. त्यांतले काही टायटॅनोसॉरची अंडी निघाली. तेव्हा धाग्याच्या मूळ प्रश्नाला ‘सगळी अफवा’ हे उत्तर कुठेही लागू नाही. खडक बदलला की उत्तर बदलतं.

अनेर:
घरट्यांवरून ते कसे जगत होते हे बरंच कळतं, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

धारची घरटी इतकी जवळजवळ आहेत की कित्येक टनांचा प्राणी त्यांच्यामधून अंडी न चिरडता फिरू शकला नसता. म्हणजे माद्या समूहाने येऊन उथळ खड्ड्यात अंडी घालत, ती बहुधा माती आणि पाल्याखाली झाकत आणि निघून जात असणार. मगरी अंडी पुरतात, तसंच. कवचाला छिद्रं भरपूर आहेत. उघड्यावर असं अंडं कोरडं पडलं असतं. दमट मातीत मात्र हवा खेळायला ती छिद्रं लागतात. ही छिद्रंच सांगतात की अंडी पुरलेली होती.

एवढ्या मोठ्या प्राण्याचं अंडं एवढं लहान का, हा पुढचा प्रश्न येतोच. अंडं जितकं मोठं तितकं आतलं द्रव्य तोलायला कवच जाड हवं, आणि कवच जाड झालं की पिल्लाला हवा पोचत नाही आणि फोडून बाहेर पडता येत नाही. म्हणून मोठी मोजकी अंडी घालण्याऐवजी लहान आणि पुष्कळ घालायची. पिल्लू हाताएवढं बाहेर पडणार आणि मग झपाट्याने वाढणार.

त्या पिल्लांचं काय होई याचा पुरावा गुजरातेत आहे. ढोली डुंगरी इथे टायटॅनोसॉरच्या घरट्यात वेटोळं घालून बसलेला साप दगड झालेला सापडला. डॉ. धनंजय मोहबे यांनी तो खडक १९८० च्या दशकात शोधला. त्यात साप आहे हे बऱ्याच नंतर लक्षात आलं. २०१० मध्ये त्याला सनाजेह इंडिकस नाव दिलं. साप साडेतीन मीटर, शेजारचं पिल्लू अर्धा मीटर. या सापाचा जबडा आजच्या अजगरासारखा फाकत नव्हता, त्यामुळे अंडं गिळणं त्याला जमलं नसतं. तो पिल्लू बाहेर पडायची वाट पाहत असावा.

बोरी_शिक्षिका:
अनेर ताई, पण डायनासोर अंडी उबवत असल्याचे सांगाडेही सापडलेत ना? मुलांच्या पुस्तकांत घरट्यावर बसलेला डायनासोर असतो. मग ते चूक मानायचं का?

अनेर:
चूक नाही, तो वेगळा गट. मंगोलियात १९२३ मध्ये अंड्यांजवळ एका लहान डायनासोरचा सांगाडा सापडला. अंडी दुसऱ्या जातीची आणि हा ती चोरायला आला, असं समजून त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. सत्तर वर्षांनी तशाच अंड्यात भ्रूण मिळाला आणि तो याच घराण्यातला निघाला. पुढे अंड्यांवर पंख पसरून बसलेले सांगाडेही मिळाले. म्हणजे चोर म्हणून ज्याला नाव ठेवलं, तो आपल्याच अंड्यांपाशी बसलेला होता. नामकरणाच्या नियमांमुळे नाव बदलता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हे प्राणी माणसाएवढे किंवा त्याहून लहान होते आणि अंडी गोल कड्यात मांडून मध्ये जागा मोकळी सोडत. वजन त्या मोकळ्या जागेवर पडायचं. टायटॅनोसॉरला हे शक्य नव्हतं. अमेरिकेतल्या माँटानामध्ये मायासॉराची घरटी सापडली, ती एकमेकांपासून साधारण सात मीटरवर होती. घरट्यातल्या पिल्लांचे दात झिजलेले होते, म्हणजे ती घरट्यात राहून खात होती. बहुधा आईबाप चारा आणत असणार. तेव्हा ‘डायनासोर पिल्लांची काळजी घेत का’ याला एक उत्तर नाही. कोंबडी आणि कासव यांना एकच प्रश्न विचारल्यासारखं होईल.

बोरी_शिक्षिका:
हे फार उपयोगी आहे. मग कुणीतरी प्रकारही सांगा. वर्गात मुलं उडणारे, पोहणारे सगळे डायनासोरमध्ये धरतात.

भूस्तर_धुळे:
ताई, ओळख पायांवरून करा. घोरपड किंवा मगर चालते तेव्हा पाय बाजूला फाकलेले असतात. बैलाचे पाय अंगाखाली सरळ खांबासारखे असतात. डायनासोरचे पाय बैलासारखे होते. मांडीच्या हाडाचा गोळा आत वळलेला आणि कमरेच्या हाडातली वाटी तळाला बंद नसून आरपार भोक असलेली, ही हाडातली खूण. उडणारे टेरोसॉर हे डायनासोरांचे चुलत भाऊ, डायनासोर नाहीत. समुद्रातले प्लेसिओसॉर आणि मोसासॉर तर आणखी लांबचे.

‘डायनासोरिया’ हे नाव रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये दिलं. १८८७ मध्ये हॅरी सीलीने कमरेच्या हाडावरून दोन शाखा केल्या: सरड्यासारखी कंबर असलेले आणि पक्ष्यासारखी कंबर असलेले. मुलांना इथे एक गंमत सांगता येईल. पक्षी निघाले ते सरड्यासारखी कंबर असलेल्यांतून. २०१७ मध्ये या विभागणीलाच आव्हान देणारी मांडणी आली आणि तो वाद चालू आहे, पण शिकवायला जुनी विभागणी सोयीची पडते.

सरड्यासारखी कंबर असलेल्यांत दोन मोठी घराणी. एक दोन पायांवर चालणारे थेरोपॉड: टी. रेक्स, व्हेलॉसिरॅप्टर, आपला राजासॉरस आणि सगळे पक्षी. दुसरे लांब मानेचे सॉरोपॉड. पक्ष्यासारखी कंबर असलेले बहुतेक सगळे चारा खाणारे: पाठीवर फळ्या असलेला स्टेगोसॉरस, अंगावर हाडांचं चिलखत असलेले अँकिलोसॉर (त्यांतल्या काहींच्या शेपटीला हाडाचा सोटा), शिंगवाला ट्रायसेराटॉप्स आणि बदकासारखी चोच असलेले हॅड्रोसॉर. हॅड्रोसॉरच्या तोंडात शेकडो दात एकमेकांत बसवून जात्याच्या पाट्यासारखा पृष्ठभाग केलेला असे.

काळाची जाणीव द्यायची तर हे सांगा: स्टेगोसॉरस १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टी. रेक्स ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे या दोघांमधलं अंतर टी. रेक्स आणि आपल्यामधल्या अंतरापेक्षा जास्त आहे. चित्रात दोघांना भांडताना दाखवतात, ते कधी घडलेलं नाही. आणि चित्रपटातला माणसाएवढा उंच व्हेलॉसिरॅप्टरही खरा नाही. खरा कमरेपाशी अर्धा मीटर उंच, टर्कीएवढा, आणि हातावर पिसं असलेला. पिसांचे दांडे जिथे रुततात ते उंचवटे त्याच्या हाताच्या हाडावर २००७ मध्ये ओळखले गेले.

केळीबाग_रावेर:
आपला राजासॉरस म्हणालात, त्याबद्दल सांगा. आणि सॉरोपॉड एवढं अंग पोसायचे कसे? म्हशीला दिवसभर चारा टाकला तरी पुरत नाही.

सातपुडा_पल्याड:
राजासॉरस नर्मदेन्सिस. हाडं गुजरातेतल्या राहियोली इथली, १९८० च्या दशकात सुरेश श्रीवास्तव आणि अशोक साहनी यांच्या कामातून मिळालेली. नामकरण २००३ मध्ये. अबेलीसॉर घराण्यातला शिकारी, डोकं आखूड आणि जाड, कपाळावर बुटकं शिंग. या घराण्याचे हात टी. रेक्सपेक्षाही खुजे असत. लांबीचा जुना अंदाज नऊ मीटरपर्यंत जात असे, अलीकडचा साडेसहा मीटरच्या आसपास आहे. कवटीचा मागचा भाग आणि अंगाची काही हाडंच मिळाल्यामुळे अंदाज असे हलतात. याचा जवळचा नातलग मादागास्करचा माजुंगासॉरस. भारत आणि मादागास्कर साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्याआधीचं ते घरचं नातं आहे. तेव्हा आपला भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि चारही बाजूंनी समुद्र. टी. रेक्स इथे नव्हता, तो उत्तर अमेरिकेचा.

अनेर:
म्हशीची तुलना चांगली आहे, पण म्हैस चावते आणि रवंथ करते. सॉरोपॉड चावत नव्हते. दात पेन्सिलीसारखे किंवा चमच्यासारखे, फक्त ओरबाडायला. डिप्लोडोकसचा एकेक दात महिनाभरात बदलत असे, एवढी झीज. ओरबाडलेलं तसंच गिळायचं आणि प्रचंड पोटात दिवसेंदिवस आंबवत ठेवायचं. चावायचं नसल्यामुळे जबड्याचे जड स्नायू आणि मोठी दाढ लागत नव्हती, म्हणून डोकं लहान. डोकं लहान म्हणून मान लांब करणं परवडलं. मान लांब म्हणून एका जागी उभं राहून मोठा परीघ चरता आला. मानेचे मणके पक्ष्यांच्या हाडांसारखे पोकळ, हवेच्या पिशव्या शिरलेले, त्यामुळे मान दिसते तेवढी जड नव्हती. एकातून एक निघालेली ही साखळी आहे. तिचा एक दुवा काढला तर एवढं अंग उभंच राहत नाही.

ते काय खात होते हे महाराष्ट्रातच कळलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा गाव आहे. तिथे शेतांत दगड झालेली विष्ठा मिळते, ती टायटॅनोसॉरची मानली जाते. २००५ मध्ये त्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. सोबत ताड-माड वर्गातली झाडं, सूचिपर्णी आणि इतर वनस्पतीही होत्या. तोवर डायनासोरांच्या काळात गवत असल्याचा भक्कम पुरावा नव्हता. भाताच्या कुळाजवळची गवतंसुद्धा त्यात ओळखली गेली. विष्ठेच्या गोळ्याने गवताचा इतिहास मागे नेला, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं काम वाटतं.

तापी_पूर्णा_संगम:
चंद्रपूरचा विषय निघालाच आहे तर डोंगरगावही लिहायला हवं. आयसिसॉरस कोल्बर्टी हा टायटॅनोसॉर तिथला. १९९७ मध्ये वर्णन झालं तेव्हा टायटॅनोसॉरस गणात होता, २००३ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून नवं गणनाम मिळालं. पुढचे पाय लांब, मान तुलनेने आखूड आणि जाड. याच्याहून फार जुना बारापासॉरस टागोरी, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला, ज्युरासिकच्या सुरुवातीचा. बंगालीत ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय, कारण मांडीचं हाडच दीड मीटरच्या वर. १९७५ मध्ये नाव दिलं, सांगाडा कोलकात्यात उभा आहे. त्या खडकाच्या थराला ‘कोटा’ म्हणतात, ते नाव आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरून पडलं.

गिरणाकाठ:
आम्लाबद्दल माझं घाईचं झालं, मान्य. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. डायनासोर संपले ते आपल्याच दख्खनच्या लाव्हाने. एवढा लाव्हा, एवढा गंधकाचा धूर, दुसरं कारण शोधायची गरजच नाही.

भूस्तर_धुळे:
गिरणाकाठ भाऊ, यात पूर्ण सहमत होता येत नाही. अंजार, कच्छ इथे लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात डायनासोरची हाडं आणि कवचं सापडली आहेत. म्हणजे लाव्हा सुरू झाल्यावरही ते जगत होते, मधल्या शांत काळात परत येऊन अंडी घालत होते. बहुतेक लाव्हा सात-आठ लाख वर्षांत बाहेर पडला. तो सलग वाहत नव्हता, मधे हजारो वर्षांची विश्रांती असे. खाणीत दोन काळ्या थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो, तो त्या विश्रांतीत तयार झालेली जमीन.

दुसरीकडे, मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर सुमारे दहा किलोमीटर व्यासाची उल्का आदळली. उल्कांमध्ये भरपूर पण जमिनीत दुर्मीळ असलेल्या इरिडियम धातूचा त्या वेळचा थर जगभर सापडतो. अल्वारेझ पिता-पुत्र आणि सहकाऱ्यांनी ते १९८० मध्ये मांडलं. जगभरचे डायनासोर अचानक संपले, त्याची वेळ या थराशी जुळते. लाव्हाने हवामान ढवळलं होतं, हे खरं. घाव मात्र उल्केचा.

गिरणाकाठ:
मग लाव्हाचा वाटा नेमका किती? उल्का पडल्यानंतरही लाव्हा वाहतच होता. आदळण्याच्या धक्क्याने तो वाढला असंही मांडलं गेलंय. मी ‘फक्त लाव्हा’ हे मागे घेतो, पण तो नुसता साक्षीदार होता हे मान्य करणार नाही.

भूस्तर_धुळे:
या रूपात मलाही पटतं. २०१५ पासून तो प्रश्न गांभीर्याने चर्चेत आहे. आणि त्या लाव्हाचे दरवाजे पाहायचे तर आपण त्यांच्यावरच राहतो. धुळे-नंदुरबार पट्ट्यात शेतांतून सरळ रेषेत पूर्व-पश्चिम जाणाऱ्या काळ्या दगडी भिंतीसारख्या टेकड्या आहेत. जमिनीला पडलेल्या भेगांत चढलेला आणि तिथेच थिजलेला तो लाव्हा. अशा शेकडो भिंती आहेत, काही पन्नास किलोमीटरहून लांब. विहिरीची जागा धरताना पाणाडे या भिंतींची कोणती बाजू धरतात, तो वेगळा धागा होईल.

तापी_पूर्णा_संगम:
त्यावर नक्की काढा. भिंत पाणी अडवते म्हणून चढाच्या बाजूला विहिरीला पाणी टिकतं, पण भिंतीलाच भेगा असतील तर उलटं होतं.

खडकवाचक:
मूळ विषयाकडे येतो. कुणाला खान्देशात खरंच जीवाश्म शोधायचा असेल तर गोल दगड सोडा आणि दोन लाव्हा थरांमधला पट्टा पाहा. लाल माती नाही, तर राखाडी, हिरवट किंवा पांढरट चिकणमाती, चुनखडक किंवा चर्ट, म्हणजे गारगोटीसारखा टणक दगड. तो तळ्याचा गाळ. त्यात पहिल्यांदा दिसतात ते गोड्या पाण्यातले शंख, फायसा जातीचे, नखाएवढे ते बोटाच्या पेराएवढे. शंख दिसला की तिथे थांबायचं, कारण ज्या गाळात शंख टिकला त्यात माशाचे खवले, बेडकाची हाडं, कवचाचे तुकडे टिकू शकतात. बेसॉल्टच्या प्रदेशात डायनासोरचा माग शंखापासून सुरू होतो.

आणि सापडलंच तर काय करू नये, हेही लिहितो. ओल्या फडक्याने घासू नका, डिंक-वॉर्निश लावू नका, गाडीत टाकून आणू नका. तमिळनाडूतला ब्रुहतकायोसॉरस हा कदाचित जगातल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक असेल, पण त्याची हाडं इतकी ठिसूळ होती की ती विरून गेली आणि आज तपासायला काहीच उरलेलं नाही. मागे राहिली रेखाटनं, काही फोटो आणि चाळीस वर्षांचा वाद.

जाणकार लोक असं काढतात. हाड पूर्ण उघडं करत नाहीत. भोवती चर खणून खडकासकट ओट्यासारखं उभं ठेवतात. भेगांत अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ (हाड घट्ट धरणारी कृत्रिम राळ) सोडतात. आधी पातळ, पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आत मुरतं. घट्ट सोडलं तर वर साय धरते आणि आतला भुसा तसाच राहतो. हाड ओलं असेल तर पॅरालॉइड पांढरं पडतं, म्हणून आधी सावलीत सुकू देतात. मग ओल्या टिश्यू कागदाचे थर, ते विसरले तर प्लास्टर हाडाला चिकटतं आणि काढताना पृष्ठभाग सोलून येतो. त्यावर पीओपीत बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, एकमेकींवर निम्म्या चढवून, मोठ्या गोळ्याला लाकडी फळीचा आधार देऊन. वाळल्यावर ओट्याची मान खालून कापतात, एका दमात उलटवतात आणि खालची बाजूही तशीच बांधतात. उलटवताना खालचा भाग गळून पडणं हा सर्वांत नेहमीचा अपघात. कारण एकच, ओटा पुरेसा खोल कोरलेला नसतो.

तुमच्या-माझ्यासाठी काम एवढंच: शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, कोणत्या थरातून किती फुटांवर निघालं ते लिहून ठेवणं, वर माती ओढून झाकणं, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर किंवा पुणे कार्यालयाला कळवणं. जागेची नोंद नसलेला जीवाश्म निम्मा वाया गेलेला असतो.

पाटणादेवी_वाट:
धागा उशिरा वाचला, पण एक गोष्ट सगळ्यांकडून राहिली. पक्षी हे डायनासोर आहेत असं वर भूस्तर यांनी लिहिलंय. मग डायनासोरच्या अंड्याचं कवच खान्देशात सापडलेलं आहे!

चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. अश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्याचे तुकडे मिळाले, त्यांचे भोक पाडलेले मणी मिळाले, आणि एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेषांची जाळी कोरलेली होती. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग इथे खरंच होता की कवचं बाहेरून आली, अशी शंका घेतली जाई. २०१७ मध्ये भारतात ठिकठिकाणी मिळालेल्या अशा कवचांतून डीएनए काढून तो आफ्रिकन शहामृगाच्या जातीचाच असल्याचं दाखवलं गेलं.

केळीबाग यांना हवं ते ‘अंडं’ तापीच्या खोऱ्यात आहे. फक्त ते सहा कोटी वर्षांपूर्वीचं नाही, आणि ते माणसाने हाताळलेलं आहे.

अनेर:
पाटणादेवी_वाट, फार मोलाची भर घातलीत. कवचाची तुलनाही करता येते. शहामृगाचं कवच दोन मिलिमीटरच्या आसपास, टायटॅनोसॉरच्या जाडीच्या पल्ल्यात, पण पृष्ठभाग गुळगुळीत. तिथे मोहरीसारखे दाणे नाहीत. धारला टायटॅनोसॉरचं एक अंड्यात अंडं असलेलं उदाहरण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. तो दोष कोंबड्यांत आढळतो, कासवांत-सरड्यांत नाही. म्हणजे अंडं घडवणारी नळी पक्ष्यांसारखी विभागलेली असावी. पाटण्याचा मणी आणि बागचं अंडं एकाच घराण्याची कामं आहेत.

पांझराकाठ:
मग पहायले कथा जावानं? जवळनं सांगा.

सातपुडा_पल्याड:
शिरपूरवरून सेंधवा, बडवानी, कुक्षी करत बाग. तिथे डायनासोर जीवाश्म उद्यान आहे आणि बागची लेणीही तिथेच. घरटी चुनखडकात सपाटीला असतात, वर्तुळाच्या कडा तेवढ्या दिसतात, म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात पाहा. दुपारी काहीच कळत नाही. राहियोलीला बालासिनोरजवळ २०१९ पासून संग्रहालयही आहे. दोन्ही ठिकाणी खडा उचलायचा नाही.

केळीबाग_रावेर:
सर्वांचे आभार. ज्या दगडाच्या फोटोवरून धागा काढला त्याच्या कडेला पांढरे-राखाडी पट्टे आहेत, एकाला एक समांतर, आणि मध्ये पोकळी. पोलादी पात्याने ओरखडा उठत नाही. मुरमाखाली अठरा फुटांवर निघालाय.

खडकवाचक:
अगेट. पट्टे बाहेरून आत एकेक करून साचले आहेत, शेवटी पाणी पुरलं नाही म्हणून मध्ये पोकळी राहिली. फोडायचाच असेल तर घणाने नको, मार्बल कापणाऱ्याकडून पाणी लावून मधोमध कापून घ्या.